लव्हाळ्याचा आडोसा

"मुळासकट नाही का निघणार रे, डोमाजी?" ग्रामसेवकानं काठावरून विचारलं.

डोमाजी घोट्याच्या वर चिखलात उभा होता. हातात विळा, समोर छातीइतका उंच, दाट लव्हाळा. "मूळ नाई निंगत साहेब याचं," तो म्हणाला. "खाली चिखलात सारं जाळं रायते. वरून कापता येते, बस."

"मग काप. पण नीट काप. रस्त्यावरून पार त्या काठापर्यंत दिसलं पाहिजे. चिमणी बसली तरी दिसली पाहिजे."

आपल्याच बोलण्यावर ग्रामसेवक हसला आणि डोमाजीही हसला. साहेब हसला की हसायचं, ही त्याची जुनी सवय. हसून झाल्यावर त्यानं काड्यांची एक मूठ डाव्या हातात धरली आणि विळा ओढला.

ते गाव आंजीपासून फार लांब नाही. गावाच्या खालच्या अंगाला भीमनगर आणि भीमनगरच्या पाठीशी नाला. कालव्याचं पाणी कुठून तरी झिरपत त्या नाल्यात येतं. त्यामुळे आजूबाजूचे नाले दिवाळीनंतर कोरडे पडले तरी हा ओलाच असतो, आणि जिथं जमीन अशी कायम ओली तिथं लव्हाळा आलाच. त्याला कोणी लावत नाही, कोणी खत घालत नाही. पान नाही, फांदी नाही. नुसत्या गोल, गुळगुळीत हिरव्या काड्या आणि शेंड्याशी तपकिरी गोंडा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पोरं काडी सोलून आतला पांढरा गाभा काढतात, बाया कधी मेथीच्या जुड्या बांधायला चार काड्या उपटून नेतात. एवढाच त्याचा उपयोग, असं गावात कोणीही सांगितलं असतं. खरा उपयोग बोलण्यासारखा नव्हता. पहाटेचा अंधार फिकट व्हायच्या आत भीमनगरच्या बाया हातात डबा घेऊन त्याच्या आड जाऊन येत.

संडास नव्हते असं नाही. घरोघर बांधून दिलेले होते, निळ्या दाराचे. खड्डे खोदले तेव्हा टेप धरायला डोमाजीच होता. संध्याकाळी खोदलेल्या खड्ड्यात सकाळी पाणी उभं असायचं. ठेकेदारानं त्या पाण्यातच सिमेंटच्या रिंगा सोडल्या, वरून झाकण टाकलं, घरमालकाला दारापुढं उभं करून फोटो काढला आणि तो निघून गेला. उन्हाळ्यात ते संडास चालत. पण एकदा पाऊस लागला की कालवा बंद होईपर्यंत खड्डे काठोकाठ भरलेले असत आणि खाली सोडलेलं सगळं वर येई. मग लोक त्यांत गोवऱ्या आणि तुराट्या भरून ठेवत. डोमाजीच्या घरच्या संडासातही या घडीला गोवऱ्याच होत्या. तो भीमनगरचाच. त्याची बायको कुंताबाईही नाल्याकडेच जायची. पुरुष लांब शेतांच्या बांधांवर, धुऱ्यांवर जाऊन येत. बायांचं कसं होतं याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, किंवा त्यानं ती येऊ दिली नव्हती.

ग्रामपंचायतीत तो शिपाई होता. सकाळी नळ सोडायचा, संध्याकाळी खांबावरचे दिवे लावायचे, दवंडी द्यायची, बैठक असली की सतरंजी आणि चहा. आयुष्य रोजंदारीवर गेलं होतं, पण यंदा त्याला कायम करण्याचा प्रस्ताव वर जाणार होता. प्रफुल ग्रामसेवकानंच तसं सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता, तरणा होता, वरून दट्ट्या आला की घाबरायचा. गाव हागणदारीमुक्त आहे की नाही हे पाहायला पथक येणार होतं, म्हणून त्यानं बैठक बोलावली. लोक अजून बाहेर का जातात, असा प्रश्न निघाला. कोणी म्हणालं, सवय. कोणी म्हणालं, आडोसा मिळतो म्हणून जातात, तो आडोसाच काढा.

डोमाजी तेव्हा चहाचे कप गोळा करत होता. खड्ड्यांतल्या पाण्याची गोष्ट त्याच्या जिभेवर आली होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यानं कप उचलले आणि बाहेर जाऊन विसळले.

दुपार कलली तोवर नाल्याचा काठ मोकळा झाला. कापलेल्या काड्यांचे भारे त्यानं बांधावर रचून ठेवले. रस्त्यावर येऊन त्यानं मागं पाहिलं. ग्रामसेवक म्हणाला होता तसंच झालं होतं. पार पलीकडचं दिसत होतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो कुंताबाईला म्हणाला, "उद्या सकाऊन नाल्याकडं जाऊ नोको."

"काऊन?" तिनं तव्यावरची भाकर उलटली. "लव्हाळा कापला म्हनून? बाया बोलून राह्यल्या होत्या. आता बसाचं कुठं म्हनते साऱ्या."

"पथक येनार हाये. फोटो काढते ते लोक. तू घरीच राहाजो."

तिचा हात थांबला. "मंग साऱ्याइले सांगा लागन ना."

"कोनाले सांगू नोको." डोमाजीनं ताटातून मान वर केली नाही. "पथक कवा येनार हे फक्त साहेबाले अन् मले माईत हाये. बाया आल्याच नाई तं मीच फोडलं म्हनतीन. कागद निंगाची वेळ हाये माह्या."

"आन मीरामावशी? तिचे तं गुडघे..."

"कोनालेच नाई म्हनलं ना."

 कुंताबाईनं भाकर त्याच्या ताटात टाकली, ती नेहमीपेक्षा जरा जोरात पडली. अंगणापलीकडून मीराबाईच्या खोकल्याचा आवाज येत होता. दोन घरांच्या मधे एक तुरीच्या काड्यांचं कुंपण, एवढंच अंतर होतं.

पहाटे पथक आलं, सोबत ग्रामसेवकही होता. एक साहेब, दोन कर्मचारी, एकाच्या हातात मोबाईल, एकाच्या हातात गुलाबाच्या फुलांची पिशवी. बाहेर बसलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही, फूल द्यायचं, म्हणजे त्याला लाज वाटेल, अशी त्यांची पद्धत होती. शिट्टी त्यांनी डोमाजीच्या हातात दिली. तो गावचा, त्याला वाट ठाऊक.

झुंजुमुंजू झालं होतं. कापलेल्या लव्हाळ्याचे खुंट विटेएवढे उरलेले, त्यावर दव. बाया नेहमीच्या जागी आल्या होत्या. जायला दुसरी जागा नव्हती. आडोसा नाही म्हणून एकमेकींकडे पाठ करून, डोक्यावरून पदर ओढून त्या बसल्या होत्या. रस्त्यावरून त्या खरोखरच चिमण्यांसारख्या दिसत होत्या. डोमाजीनं शिट्टी ओठांत धरली. साहेबानं मानेनं खूण केली आणि त्यानं ती वाजवली.

बाया उठल्या, पळाल्या. कोणी लुगडं सावरत, कोणी डबा तिथंच टाकून. तोंडं झाकलेली असल्यानं कोण कुठली ते कळत नव्हतं, आणि ते न कळणं हाच त्यांना उरलेला आडोसा होता. एक मात्र उठली नाही. ती उठायचा प्रयत्न करत होती. एक हात चिखलात टेकवून तिनं गुडघा वर आणला, तो पुन्हा खाली गेला. पुन्हा आणला. पथक तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा ती नुकतीच उभी राहिली होती.

ती मीराबाई होती.

भीमनगरात मीराबाईला सगळे मावशी म्हणत. सत्तरीची बाई. रविवारी विहारात वंदना तीच घ्यायची. पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, खणखणीत आवाजात. घरातलं भांडण असो की पोरीचं लग्न, बाया आधी तिच्याकडे जात. डोमाजीच्या आईची ती मैत्रीण. आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली तेव्हा कुंताबाई बाळंतपणाला केळझरला माहेरी गेली होती. आईचं हगणंमुतणं मीराबाईनंच काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी आली, लुगडी पिळून वाळत घातली आणि गेली, असं आई जाईपर्यंत चाललं.

"आजी, घरी संडास नाही का?" साहेबानं विचारलं.

मीराबाईनं चिखलातला डबा उचलला.

"फूल द्या यांना. डोमाजी, तू दे. गावच्या माणसानं दिलं म्हणजे चांगलं वाटतं."

डोमाजीच्या हातात फूल आलं. तो पुढं झाला. मीराबाईच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातानं तिनं वर धरलेलं लुगडं अजून नीट खाली सोडलेलं नव्हतं. फूल घ्यायला तिसरा हात नव्हता. ती त्याच्याकडे पाहत होती, ओळखीचं माणूस भेटल्यावर पाहावं तशीच.

"अरे असा काय देतोस?" मोबाईलवाला म्हणाला. "विहीणबाईला देतोस तसं दे, प्रेमानं."

सगळे हसले. साहेब हसला, ग्रामसेवक हसला. आणि डोमाजीही हसला. त्याच क्षणाला फोटो निघाला. फोटो झाल्यावर ते फूल कुठं ठेवावं हे न कळून त्यानं ते तिच्या डब्याच्या कडेवर टेकवलं.

दुपारपर्यंत फोटो गावाच्या ग्रुपवर होता. नाल्याचा मोकळा काठ, मान खाली घातलेली मीराबाई आणि तिच्यापुढं फूल धरून दात काढून हसणारा डोमाजी. खाली कोणी टाळ्यांची चित्रं टाकली होती, कोणी हात जोडलेले. भीमनगरातल्या कोणीही काही लिहिलं नव्हतं.

डोमाजीनं तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मीराबाईकडे पाहणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो स्वतःकडेच पाही. हा माणूस इतका कशाला खूश झाला आहे, असं एखाद्या परक्यानं विचारलं असतं. त्याला आठवत होतं की त्या वेळी त्याला खूश वगैरे काही वाटलेलं नव्हतं.  तरी तोंड हसत होतं.

घरी कुंताबाईनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. ती त्याच्याशी भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माह्या एकट्याच्या हातात होतं का ते?"

"मी कुठं काय म्हनली?" ती म्हणाली. "मले सांगतलं होतं तुमी. मी बी गपच राह्यली. तुमाले काय म्हनू मी?"

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत गाव हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ग्रामसेवकानं भाषणात डोमाजीचं नाव घेतलं. एका दिवसात अख्खा नाला साफ करणारा कर्मचारी म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोमाजी मागं सतरंजीची घडी हातात धरून उभा होता. त्याची मान आपोआप झुकली, गाल आपोआप पसरले. मग त्याला फोटो आठवला आणि त्यानं सतरंजी तोंडापुढं धरली.

तो नळ सोडायला जाई तेव्हा बाया आता त्याच्यादेखत बोलायच्या थांबत. मीराबाई नळावर येतच नव्हती. तिची सून दीपमाला यायची. एका सकाळी पाण्याचा गुंड भरता भरता ती नळाकडे पाहतच म्हणाली, "आत्याबाईनं पानी सोडलं भाऊ."

"म्हनजे?"

"पेतच नाई. रातचं जेवनबी बंद. खाल्लं तं जा लागते, पेलं तं जा लागते, म्हनते. दिवसभरात घोटभर च्या घेते. सांगून पाह्यलं, आयकत नाई." तिनं गुंड डोक्यावर घेतला. "रविवारी विहारातबी नाई गेल्या. आंग दुखते म्हने."

डोमाजीनं मान वर केली तोवर दीपमाला निघून गेली होती.

ऑक्टोबरचं ऊन, हवेत एक झुळूक नाही, सोयाबीनच्या मळणीचा फुफाटा. आठवड्याभरात मीराबाईला हुडहुडी भरून ताप आला. ऑटोत घालून तिला आंजीच्या दवाखान्यात नेलं. लघवीला जंतू झाले, पाणी पोटात नाही म्हणून झाले, असं डॉक्टरीण म्हणाली. सलाईन लावलं. आजी, पाणी का पीत नाही, असं तिनं विचारलं तेव्हा मीराबाईनं तोंड भिंतीकडे केलं. हे सगळं दीपमालेनं कुंताबाईला सांगितलं आणि कुंताबाईनं डोमाजीला.

दसऱ्याला भीमनगर दर वर्षीसारखं नागपूरला निघालं. दीक्षाभूमीवर जायला गाड्या ठरल्या होत्या. पोरं निळे झेंडे घेऊन टपावर चढली. मीराबाई तेवढी राहिली. बापाच्या खांद्यावर बसून ती पहिल्यांदा गेली होती, तेव्हापासून तिनं एक वर्ष चुकवलं नव्हतं, बाळंतपणाच्या वर्षी सुद्धा नाही. ताप उतरला होता. गाडीत जागाही होती. पण वाटेत उतरावं लागलं तर, म्हणून ती नको म्हणाली.

कुंताबाई गाडीत चढता चढता थांबली. "आता तरी जा तिच्याकडं," ती डोमाजीला म्हणाली. "माह्यं मी तिले सांगून आली. तुमचं तुमी सांगा."

गाड्या गेल्यावर वस्तीत आवाज उरला नाही. डोमाजी कुंपणाला वळसा घालून मीराबाईच्या दारात गेला. ती खाटेवर बसली होती. हाताच्या मागच्या बाजूला सुईची काळीनिळी खूण. त्याला पाहून तिनं पदर सारखा केला. तो उंबऱ्याशी जमिनीवर बसला.

"नाई गेला नागपूरले?" तिनं विचारलं.

"नाई. नळ सोडा लागते." मग तो म्हणाला, "मावशी, लव्हाळा मी कापला."

"माईत हाये."

"पथक येनार हे बी मले आदल्या दिवशी माईत होतं. मी कुंतीले सांगतलं. तुले नाई सांगतलं."

"तेबी माईत हाये. कुंती येऊन रडून गेली इथं."

डोमाजीनं जमिनीवर बोटानं रेघ ओढली, पुसली. पाठ करून आणलेलं संपलं होतं. "माफी मांगाले आलो," तो म्हणाला.

"ते जाऊ दे. लव्हाळा तू नसता कापला तं दुसऱ्यानं कापला असता. शिट्टीबी कोनीतरी वाजवलीच असती." मीराबाईनं पाय खाटेवर ओढून घेतले. "मले एकच सांग. तू हासला काऊन?"

त्यानं पुसलेली रेघ पुन्हा ओढली.

"मी पाहून राह्यली होती तुह्याकडं. म्हनलं, आपला डोमा हाये, हा तोंड तरी फिरवन. तं तू हासला."

"साहेब हासले म्हनून..." त्याचा आवाज अर्ध्यात खाली गेला. "मले हासू आलं नव्हतं मावशी. माईत नाई कसं झालं."

"मले माईत हाये." ती दाराबाहेर पाहत बोलू लागली. "माह्या बाप पाटलाच्या दारात उभा राहे. पाटील काईबी बोलला की हा हासे. शिवी देल्ली तरी हासे. मी लहान होती, मले वाटे माह्या बाप लय खुश मानूस हाये. मंग नागपूरले गेलो, दीक्षा घेऊन वापस आलो. पाटलानं बलावलं अन् कायतरी मस्करी केली. बाप उभा राह्यला तसाच. हासला नाई. घरी आला तं मायले म्हने, आज तोंड दुखून राह्यलं. माय म्हने काऊन, मारलं का? तं म्हने, नाई व, हासू आवरून आवरून दुखलं."

बाहेर कुठं तरी कोंबडी खुराड्यापाशी खुडखुडत होती.

"त्याच्यानंतर तो तसा कधी हासला नाई. घरात हासे, आमच्यासंगं हासे. तिथं नाई. अन् इतक्या वर्सानं तू तेच हासू घेऊन आला, डोमा. माह्याच समोर."

 डोमाजीच्या आईची लुगडी पिळणारे हात त्याच्यासमोर खाटेच्या काठावर होते. तो त्यांच्याकडे पाहत बसला. शेवटी मीराबाईच म्हणाली, "जा आता. नळ सोडाचा असन."

ग्रामपंचायतीच्या कार्यालयामागं एक संडास होता. गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाच्या टेकाडावर, त्यामुळे त्याचा खड्डा कधी भरत नसे. आत पांढऱ्या फरशा, पाण्याची टाकी, बादली, दाराला आतून चांगली कडी. ग्रामसेवकासाठी आणि वरून आलेल्या साहेब लोकांसाठी उघडायचा; एरवी त्याला कुलूप. चावी डोमाजीच्या कमरेला. तो संडास रोज धुणारा माणूस भीमनगरातला होता आणि गोवऱ्यांनी भरलेल्या आपल्या संडासाकडे रोज परत जात होता, हे त्याच्या ध्यानात इतक्या वर्षांत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं ते कुलूप काढलं. टाकी भरली, आत साबणाची वडी ठेवली आणि कुंताबाईला म्हणाला, "बायाइले सांग. आता साऱ्याइले सांग."

पहिल्या दिवशी दोघी-तिघीच आल्या, त्याही कुंताबाईच्या मागं मागं, भिंतीच्या कडेकडेनं. मग वाढल्या. डोमाजी समोरच्या रस्त्यावर, संडासाकडे पाठ करून बसून राही. उजाडलं की फरशी धुवून पुन्हा कुलूप लावी. ग्रामसेवक रोज नाचणगावहून यायचा, तोवर ऊन चढलेलं असायचं. त्याला काही कळलं नाही.

मीराबाई आली नाही. नाल्याकाठचा लव्हाळा तोवर वीतभर पुन्हा उगवला होता, पण तिकडंही ती जात नव्हती. ती पाणी अजून घोट घोटच पीत होती.

डोमाजीनं दीपमालेला विचारलं. ती म्हणाली, "आत्याबाई म्हनते, अंधारात नाई येत. म्हने, मी चोर हाये का? संडास उघडला तं दिवसा उघडा म्हनावं."

त्या दिवशी डोमाजीनं धुणं-पुसणं केलं, पण कुलूप लावलं नाही. ते काढून त्यानं खिशात टाकलं आणि तो कार्यालयासमोरच्या कडुनिंबाखाली बसला. शाळेची घंटा झाली, दुकानं उघडली. मग मोठ्या रस्त्यानं मीराबाई येताना दिसली. दीपमाला सोबत होती, पण म्हातारीनं तिचा हात धरलेला नव्हता. अंगावर रविवारचं पांढरं लुगडं. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबली. एक जण उगाच खाकरला. ती आपल्या चालीनं आली, डोमाजीकडे न पाहता कार्यालयाला वळसा घालून मागं गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तेवढ्यात ग्रामसेवकाची मोटरसायकल येऊन थांबली. लांबून आलेला माणूस; हेल्मेट काढत तो सरळ मागं निघाला. "चावी दे रे."

डोमाजी उभा राहिला. "थांबा जरा साहेब. मावशी आत हाये."

"कोण मावशी?"

"मीराबाई. नाल्यावर फूल देल्लं होतं ते."

ग्रामसेवकाला समजायला थोडा वेळ लागला. त्यानं बंद दाराकडे पाहिलं, दीपमालेकडे पाहिलं, रस्त्यावरच्या माणसांकडे पाहिलं. "कोणाला विचारून उघडलं हे?"

"कोनाले नाई. बरेच दिवस झाले उघडतो. खाली खड्ड्याइत पानी भरते साहेब, पावसाळ्यापासून भरते. मी तेव्हाच सांगाले पाह्यजे होतं. नाई सांगतलं."

"तुझा प्रस्ताव अजून माझ्या टेबलावरच आहे, माहीत आहे ना?" मग जरा नरमून, हसत तो म्हणाला, "अरे बाबा, उद्या सगळं गाव लाईन लावेल इथं. मग काय मी नाल्यावर जाऊ?"

पानठेल्यावर कोणी तरी हसलं. डोमाजीचे गाल सवयीनं ओढले गेले. त्यानं दात आवळले. जबड्याची शीर कानापर्यंत ताठ झाली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड मिटलेलं राहिलं.

"माईत हाये साहेब," तो म्हणाला.

तो प्रस्ताव त्या वर्षी गेला नाही, आणि पुढच्याही वर्षी नाही. पण ते नंतरचं. त्या वेळी ग्रामसेवक हेल्मेट हातात धरून उन्हात उभा राहिला आणि डोमाजी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.  आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. कोणालाही कसली घाई नसावी असा तो आवाज होता.

कडी निघाली. मीराबाई बाहेर आली, नळाशी गेली. हात धुतले, पाय धुतले, ओंजळ भरून पाणी प्याली, आणखी एक ओंजळ प्याली. पदरानं तोंड पुसत ती ग्रामसेवकासमोर आली.

"जा साहेब," ती म्हणाली. "पानी टाकलं हाये मी."

आणि मोठ्या रस्त्यानं ती घराकडे निघाली. अर्ध्या वाटेत गुडघा दुखला असावा. सेवा सोसायटीच्या पायरीवर, सगळ्यांना दिसेल अशी, ती टेकली. दीपमाला घाई करू लागली तसा तिनं हातानंच तिला बस म्हटलं, आणि दोघी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत तिथं बराच वेळ बसून राहिल्या.